दृढीकरण झालं, मतदार नोंदणीचं काय? जालना एमआयडीसीतल्या कॅथलिक मुलांसाठी 'नागरिक' होण्याचा अर्थ

समजा, जालना एमआयडीसीच्या परिसरात राहणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत. दोघींचे वडील सळईच्या कारखान्यात कामाला. दोघी कॅथलिक, दर रविवारी एकाच चर्चमध्ये मिस्साला जाणाऱ्या, धर्मशिक्षणाच्या एकाच वर्गात शिकलेल्या. दोघींना दृढीकरण संस्कारही एकाच दिवशी मिळाला. फरक एवढाच की, एकीचा जन्म मे २००७ चा आणि दुसरीचा ऑगस्ट २००७ चा.

१५ जानेवारी २०२६ रोजी जालना महापालिकेची निवडणूक झाली. २०२३ मध्ये नगरपरिषदेची महापालिका झाल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. त्या दिवशी दोघींचंही वय १८ पूर्ण होतं. तरीही ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलीला मत देता आलं नसतं. कारण राज्य निवडणूक आयोगाने या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा मतदार यादी वापरली. त्या तारखेनंतर १८ पूर्ण झालेले सगळे यादीबाहेर.

मग मे महिन्यात जन्मलेल्या मैत्रिणीचं काय? तिचं वय यादीच्या तारखेला १८ पूर्ण होतं. पण तिने वेळेत अर्ज भरला नसेल, तर तीही यादीबाहेरच. एकीला नियमाने थांबवलं, दुसरीला दुर्लक्षाने. महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे पुढची निवडणूक वेळेवर झाली, तरी तोपर्यंत दोघी २३ वर्षांच्या असतील.

या मुली कल्पनेतल्या आहेत, पण तारखा खऱ्या आहेत. यातून एक प्रश्न उभा राहतो. प्रथम कम्युनियन, दृढीकरण यांची तयारी चर्च वर्षभर आधी सुरू करतं, वह्या भरून घेतं, परीक्षा घेतं. मग त्याच मुलांच्या नागरिक होण्याची तयारी कोण करून घेतं? आणि मुळात ते चर्चचं काम आहे का?

हे नीट समजून घेऊ या.

चर्च मतदानाबद्दल काय सांगतं?

'धर्म वेगळा, राजकारण वेगळं' हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. त्यामुळे कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका अनेकांना, अगदी कॅथलिक मुलांनाही, नवी वाटू शकते.

कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणं, मतदानाचा हक्क बजावणं आणि देशाचं रक्षण करणं या गोष्टींना नैतिक कर्तव्य म्हटलं आहे. म्हणजे मत देणं ही फक्त सोयीची किंवा आवडीची बाब राहत नाही. त्याआधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये स्वीकारलेल्या एका दस्तऐवजातही मतदान हा नागरिकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं मांडलं होतं. आणि हे मत कशासाठी द्यायचं? आपल्या समाजाच्या फायद्यापुरतं नाही, तर सगळ्यांच्या भल्यासाठी.

याची मुळं बायबलमधल्या एका प्रसंगात आहेत. रोमन सम्राटाला कर द्यावा की नाही, असा पेच येशूसमोर टाकला जातो. येशू नाणं मागवतो, त्यावर कुणाचा मुखवटा आहे ते विचारतो आणि सांगतो की सम्राटाचं ते सम्राटाला द्या, देवाचं ते देवाला द्या. दोन्ही बाजूंची देणी खरी आहेत, हा त्याचा सरळ अर्थ. फक्त सम्राट म्हणजे देव नव्हे, हेही त्यातच आलं. त्यामुळे सत्तेने नैतिकतेच्या विरोधातलं काही करायला सांगितलं, तर सद्सद्विवेकाला धरून नकार देणंही चर्च कर्तव्यच मानतं.

वयाच्या बाबतीतही चर्च आणि राज्यसंस्था यांच्यात एक साम्य आहे. चर्चच्या कायद्यानुसार १४ वर्षं पूर्ण झाल्यावर ठरलेल्या दिवशी मांस वर्ज्य करण्याचा नियम लागू होतो. १६ वर्षं पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता किंवा धर्मपिता म्हणून उभं राहता येतं. आणि उपवासाचा नियम लागू होतो तो १८ पूर्ण झाल्यावर, कारण चर्चच्या दृष्टीनेही सज्ञान होण्याचं वय तेच आहे. भारतात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ मध्ये, ६१ व्या घटनादुरुस्तीने. चर्च आणि राज्यसंस्था दोघंही त्याच वयाच्या मुलामुलींना सांगतात की, आता तुझा निर्णय तुझा.

मग फादर 'अमक्याला मत द्या' असं का सांगत नाहीत?

कारण त्यांना ते सांगता येत नाही. आणि चर्चच्या शिकवणुकीनुसार सांगूही नये.

धर्मगुरूंनी राज्यसत्तेचा वापर असलेली सार्वजनिक पदं घेऊ नयेत आणि राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये, असा नियम चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत आहे. पक्षकार्याच्या नियमाला फार मर्यादित अपवाद आहे. चर्च कोणत्याही एका राजकीय व्यवस्थेशी बांधलेलं नाही, हेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केलं आहे.

दुसरीकडे देशाचा कायदाही आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो. या कलमाचा अर्थ नेमका काय, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने निकाल दिला. उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही चालणार नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. हे प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. त्याची सुरुवात मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीतून झाली होती.

मग चर्चने करायचं काय? विवेक घडवायचा. कॅथलिक शिकवणुकीत विवेक म्हणजे मनाला येईल ते करणं नाही. माहिती घेऊन, इतरांशी बोलून, प्रार्थनेतून तपासून घेतलेला निर्णय म्हणजे विवेकाने घेतलेला निर्णय. गंमत म्हणजे भारताच्या राज्यघटनेतही हाच शब्द आहे. अनुच्छेद २५ ला आपण धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद म्हणून ओळखतो, पण त्यात धर्माच्याही आधी सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख येतो.

यातून एक अडचणही तयार होते. कुणाला मत द्यायचं हे चर्च सांगणार नाही, शाळेत नागरिकशास्त्र गुणांपुरतं आणि घरी 'आपण कशाला त्यात पडायचं' असा सूर. मग मुलाचा विवेक घडणार कुठे? याचं एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळालं होतं. तेही कारखान्यात काम करणाऱ्या मुलांमध्येच.

कारखाना आणि चर्च: हा संबंध जुना आहे

जालन्याची ओळख बियाणं आणि पोलाद अशी आहे. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया तयार होतात आणि त्या राज्यभरातल्या, राज्याबाहेरच्याही बांधकामांवर जातात. भट्टीवर, रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्यांत स्थानिक आहेत, तसे उत्तरेतल्या आणि पूर्वेकडच्या राज्यांतून आलेले कामगारही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार भाजले होते, तेव्हा या कामातली जोखीम राज्यभर दिसली.

अशाच कारखान्यांच्या प्रश्नातून कॅथलिक चर्चची आधुनिक सामाजिक शिकवण जन्माला आली. युरोपात औद्योगिकीकरणाने कामगारांची दैना झाली होती. तेव्हा १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं. कामगाराला जगण्यापुरतं योग्य वेतन मिळायला हवं, कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, लहान मुलांना कारखान्यात जुंपू नये, असे मुद्दे त्यात होते. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव का घेतलं, हे सांगताना याच परिपत्रकाचा दाखला दिला. तेव्हा यंत्रांचा प्रश्न होता, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे, असा त्यांचा रोख होता.

याच परंपरेतलं दुसरं नाव म्हणजे बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डिन. ते शिकायला सेमिनरीत गेले आणि त्यांच्या वयाची मुलं कारखान्यांत आणि खाणींत गेली. सुट्टीत घरी आल्यावर त्यांना जाणवलं की, या जुन्या सोबत्यांना चर्च आता आपलं वाटत नाही. पुढे १९२५ च्या सुमारास त्यांनी तरुण कामगारांची संघटना उभी केली. तिची पद्धत तीन शब्दांची होती: पाहा, पारखा, कृती करा.

आधी आपल्या भोवतीची एक परिस्थिती नीट पाहायची. मग ती श्रद्धेच्या आणि न्यायाच्या कसोटीवर पारखायची. आणि शेवटी, कितीही छोटी असली तरी, एक कृती करायची. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ मध्ये 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात ही पद्धत तरुणांना शिकवावी, असं सुचवलं. भारतात विद्यार्थ्यांच्या कॅथलिक चळवळींनीही ती वापरली आहे.

ही पद्धत एमआयडीसीत कशी वापरता येईल?

एक उदाहरण घेऊ या. धुराचं.

_पाहा._ केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या गुणवत्तेचे निकष पूर्ण न करणाऱ्या शहरांच्या यादीत जालन्याचं नाव आहे. हवेतले सूक्ष्म धूलिकण २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत कमी करण्याचं उद्दिष्ट पुढे या कार्यक्रमात ठेवलं गेलं. धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या समाजातल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या गटाने महिनाभर फक्त नोंद ठेवली तरी बरंच कळेल. गच्चीवर काळी धूळ कधी जमते? रात्री की पहाटे? वस्तीत खोकल्याच्या तक्रारी कोणत्या दिवसांत वाढतात? शहरात हवा मोजण्याचं केंद्र कुठे आहे आणि त्याचे आकडे काय सांगतात?

_पारखा._ पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं 'लाउदातो सी' हे परिपत्रक पर्यावरणाचा प्रश्न आणि गरिबांचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, असं सांगतं. पण इथे खरी कसोटी लागते. ज्या कारखान्याचा धूर त्रास देतो, तिथेच वडिलांची नोकरी आहे. कारखाना बंद करा, ही मागणी त्यांना परवडणारी नाही. मग न्याय्य मागणी कोणती? धूर अडवणारी यंत्रणा चोवीस तास चालू ठेवा, ही मागणी वडिलांच्या पोटावर पाय न देताही करता येते. उलट भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराला तिचा फायदा सगळ्यात आधी मिळेल. असे प्रश्न घोषणांनी सुटत नाहीत. म्हणूनच ते मुलांनी एकत्र बसून सोडवायला हवेत.

_कृती करा._ तक्रार कुणाकडे करायची, हे माहीत असणं हे नागरिकशास्त्राचं अर्धं काम. धुराचा प्रश्न महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. औद्योगिक क्षेत्रातल्या रस्त्यांची आणि पाणीपुरवठ्याची जबाबदारी औद्योगिक विकास महामंडळाची. वस्तीतला कचरा, दिवे, नाल्या यांचं काम तुमचं घर महापालिकेच्या हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, यावर ठरतं. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या अनेक कुटुंबांची दमछाक इथेच होते. तीन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. एक नकाशा काढून, कोणता रस्ता कुणाचा हे रंगवून चर्चच्या सूचनाफलकावर लावणं, ही सुद्धा कृतीच आहे. आणि तो नकाशा फक्त कॅथलिक कुटुंबांच्या उपयोगाचा नसेल.

आणखी एक विषय या मुलांच्या अगदी जवळचा आहे. बाल आणि किशोरवयीन कामगार कायद्यात २०१६ मध्ये बदल झाले. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटातल्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. दहावीनंतर 'थोडे दिवस कंपनीत जातो' म्हणणारा वर्गमित्र तुमच्या ओळखीचा असेल, तर हा नियम तुम्हाला माहीत असायला हवा.

महाराष्ट्रात असं कुठे घडलं आहे का?

जालन्यापासून दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वसईत घडलं आहे. तिथे मराठी बोलणारा मोठा कॅथलिक समाज आहे. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचं आक्रमण आणि त्यासोबत गुंडगिरी वाढू लागली, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली.

फादर दिब्रिटो 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे संपादक होते. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. वसईच्या चळवळीत त्यांनी जमीन, पाणी आणि झाडं यांवर बोट ठेवलं. हे प्रश्न ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम अशा सगळ्याच वसईकरांचे होते.

अर्थात वसई आणि जालना यांत मोठा फरक आहे. वसईत कॅथलिक समाज संख्येने मोठा, जमिनीशी जोडलेला आणि काही शतकांच्या इतिहासाचा. जालना ज्यात येतं तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला आणि मराठवाड्यातला कॅथलिक समाज विखुरलेला, बहुतांशी कष्टकरी आहे. जालन्याचा ख्रिस्ती इतिहासही आधी प्रोटेस्टंट मिशनचा आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी शहराजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं होतं, तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे वसईची चळवळ जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. पण 'आपला प्रश्न' आणि 'सगळ्यांचा प्रश्न' यांतली भिंत पाडायची कशी, हे मात्र तिथून शिकता येतं.

फॉर्मवरचा तो रकाना

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मुलांसाठी नागरिक होण्याचा सगळ्यात अवघड धडा मतदान केंद्रावर नसतो. तो दहावी-बारावीनंतर, प्रवेशाचा फॉर्म भरताना येतो. धर्म कोणता आणि जात कोणती?

या भागातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज दलित समाजातून आले. धर्म बदलला तरी गावाने त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली, असं नाही. पण कायद्याने वाट बदलली. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध जोडले गेले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. म्हणूनच १० ऑगस्ट हा दिवस अनेक चर्च काळा दिवस म्हणून पाळतात.

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला आणि त्याची मुदत पुढे वाढवली गेली. दरम्यान २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या सी. सेल्वराणी यांच्या प्रकरणात निकाल दिला. प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं.

आता यात सतरा वर्षांच्या मुलाची अडचण बघा. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा आहे. घरात कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, कुणाच्या दाखल्यावर दुसरी. खरं लिहिलं तर शिष्यवृत्ती आणि राखीव जागेची वाट बंद होण्याची भीती. न लिहिलं तर मनाला आणि आता कायद्यालाही उत्तर द्यावं लागणार. ज्या जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून आरक्षण आणि दाखल्यांचा प्रश्न २०२३ पासून राज्यभर गाजला, त्याच जिल्ह्यातला हा दुसरा, फारसा न बोलला जाणारा प्रश्न आहे.

इथे धर्मग्रामाने मुलांना एकटं सोडू नये. 'खोटं लिहू नका' एवढा उपदेश पुरेसा नाही, कारण त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. आणि 'सगळेच करतात' हा सल्लाही पुरेसा नाही, कारण त्याचीही किंमत पुढे मुलांनाच मोजावी लागते. कायदा काय आहे, कोणत्या सवलती खुल्या आहेत, हे समजावणारं माणूस चर्चच्या आवारात वर्षातून एकदा तरी बसायला हवं. आणि नियम अन्यायकारक वाटत असेल, तर तो लपवाछपवीने चुकवण्यापेक्षा उघडपणे बदलायला लावणं, हेच नागरिकाचं काम.

'आपण इतके थोडे, आपल्या मताने काय होणार?'

हा प्रश्न घराघरांत विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे सुमारे १० लाख ८० हजार होती. त्यातही मुंबई, ठाणे, पालघर हा पट्टा वगळला, तर मराठवाड्यात संख्या फारच थोडी उरते.

शिवाय भीतीही आहे. धर्मांतराच्या मुद्द्यावरून वातावरण तापतं तेव्हा छोट्या समाजातले आईवडील मुलांना 'गप्प राहा, चर्चला जा आणि घरी या' असं सांगतात. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण गप्प राहिलेल्या समाजाबद्दल शेजाऱ्यांना ऐकीव माहितीच मिळते. वस्तीतल्या नाल्यासाठी, दिव्यासाठी, रक्तदानासाठी सगळ्यांसोबत उभं राहिलेलं पोर शेजाऱ्यांना नावाने माहीत असतं. अफवेच्या दिवशी ही ओळख उपयोगी पडते.

इतिहासातही याचा आधार आहे. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. फादर जेरोम डिसोझा हे जेझुइट धर्मगुरू त्याच सभेचे सदस्य होते. धर्माच्या आधारावर राखीव जागा नकोत, सर्वांसोबत नागरिक म्हणून उभं राहू, अशी भूमिका तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी घेतली. तो भरवसा टाकला होता बहुसंख्याकांवर. पण त्याची दुसरी बाजू अशी की, पुढच्या पिढ्यांनी सार्वजनिक जीवनात उतरलं तरच तो सार्थ ठरतो.

तरुणांसाठी चर्चने अलीकडे जे आदर्श पुढे ठेवले, तेही हेच सांगतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी दोन तरुणांना संत घोषित केलं. त्यातला कार्लो आकुतिस सगळ्यांना माहीत झाला. तो पंधराव्या वर्षी वारलेला, संगणकात रमणारा मुलगा. दुसरा, पिएर जॉर्जो फ्रासाती, मात्र थोडा मागे राहिला. इटलीतल्या एका बड्या वृत्तपत्राच्या मालकाचा हा मुलगा. खाणकामगारांमध्ये काम करता यावं म्हणून तो खाण अभियांत्रिकी शिकत होता. तो लोकशाहीवादी पक्षाचा सदस्य होता, फॅसिस्टांच्या विरोधात उभा राहिला आणि तुरिन शहरातल्या गरिबांच्या घरी औषधं पोचवत राहिला. १९२५ मध्ये २४ व्या वर्षी पोलिओने त्याचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला गरिबांची एवढी गर्दी झाली की, आपला मुलगा काय करत होता हे घरच्यांनाही तेव्हाच कळलं. प्रार्थना आणि पक्षकार्य, दोन्ही करणारा हा संत आहे.

१८ पूर्ण होण्याआधी काय करता येईल?

मतदार नोंदणी: २०२२ पासून वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत. १७ वर्षं पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. नव्या नोंदणीसाठी फॉर्म ६ भरायचा, ऑनलाइन किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण बीएलओ म्हणतो. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, आधार, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला तुमच्या लग्नाला लागेल, इथे त्यावर विसंबू नका.

पत्ता: परराज्यातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून एमआयडीसीत आलेल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं. नोंदणी तुम्ही प्रत्यक्ष राहता तिथे होते. एकाच वेळी गावी आणि इथे, अशा दोन नोंदी ठेवता येत नाहीत. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८.

चर्चमधली तालीम: चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणं बंधनकारक आहे. सणाच्या जमाखर्चाचा हिशेब मांडायला, सभेचं इतिवृत्त लिहायला किशोरवयीन मुलांना बसवता येईल. जो मुलगा चर्चच्या वर्गणीचा हिशेब विचारायला शिकतो, तो पुढे नगरसेवकालाही निधीचा हिशेब विचारेल.

दृढीकरणाच्या वर्गात एक तास: वर्षभराच्या तयारीतला एक तास फॉर्म ६, वॉर्डाचा नकाशा आणि उमेदवाराचं शपथपत्र कसं वाचायचं यासाठी. कोणत्याही पक्षाचं नाव न घेता हे शिकवता येतं.

पोप फ्रान्सिस तरुणांना वारंवार सांगायचे की, आयुष्य गॅलरीत उभं राहून बघू नका, खाली उतरा. एमआयडीसीतल्या मुलांच्या घरांना बहुतेक वेळा गॅलरी नसते. ती आधीच खाली, रस्त्यावर, धुरात असतात. त्यांना हवा आहे तो यादीत नाव असण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा सराव.

सुरुवातीच्या त्या दोन मैत्रिणींची महापालिकेची संधी हुकली. पण लोकसभा आणि विधानसभा पुढे आहेत, आणि त्यांच्या मागच्या वर्गात आता सतरा पूर्ण केलेली मुलं बसलेली आहेत. पुढच्या रविवारी मिस्सानंतर फादर सूचना वाचतील तेव्हा गायनवृंदाचा सराव, आजाऱ्यांच्या भेटी, सहलीची वर्गणी यांच्या यादीत आणखी एक ओळ वाढवायला हरकत नाही: सतरा पूर्ण झालेल्यांनी दहावीचं प्रमाणपत्र घेऊन थांबावं.

त्याला पंधरा मिनिटं लागतील. न थांबण्याची किंमत पाच वर्षं असू शकते.